ओट्यावरचा उजेड, जिन्यातला अंधार

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप घेऊन चिटणीस घरी आले तेव्हा मी विचारलं, "भाऊ, लिहू कशावर?" ते म्हणाले, "बाई, तुम्ही पहिल्या दिवसापासूनच्या सभासद. इतिवृत्ताच्या वह्याही सात वर्षं तुमच्याच अक्षरात आहेत. इतिहास लिहा."

जागा कशी मिळाली, कर्ज कसं मंजूर झालं, पाण्याची टाकी कधी बांधली, हे सारं आपले संस्थापक अध्यक्ष याच अंकात लिहिणार आहेत. ते पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही. म्हणून मी एक छोटासा वेगळा इतिहास लिहायला घेतला आहे, आपल्या घरांतल्या दिव्यांचा. कारणही तसंच आहे. यंदा रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने पाच-सहा घरांत रंगकाम आणि फॉल सीलिंगचं काम निघालं आहे. तरुण मंडळी मोबाइलवर चित्रं दाखवतात, "काकू, हॉलमध्ये हे झुंबर कसं दिसेल?" छानच दिसेल. पण ओट्यावर कुठला दिवा लावू, असं अजून कुणी विचारलेलं नाही. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी.

कोनाडा ते कंदील

माझं माहेर निफाड तालुक्यातल्याच एका खेड्यातलं. मातीच्या भिंतींचं धाब्याचं घर. भिंत बांधतानाच तिच्यात कोनाडे ठेवलेले असत. दिवा कुठे राहणार हे घर बांधतानाच ठरायचं. देवाजवळच्या कोनाड्यात पणती, मधल्या घरात चिमणी. चिमणीच्या काजळीने कोनाड्याची वरची बाजू काळीकुट्ट व्हायची आणि दिवाळीत आजी ती पांढऱ्या मातीने सारवायची.

घरातली मौल्यवान वस्तू म्हणजे कंदील. आमच्याकडे 'प्रभाकर' कंदील होता. आजच्या मुलांना हे नाव माहीत नसेल, म्हणून सांगते. १९१६ साली औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने ओगले बंधूंनी कराडजवळ काच कारखाना काढला. तिथल्या वस्तीला ओगलेवाडी हेच नाव पडलं. परदेशी कंदिलांच्या जमान्यात या मराठी कारखान्याचा कंदील घरोघरी गेला. प्रभाकर म्हणजे सूर्य. आमच्या घरात तो सूर्य संध्याकाळी ओसरीवरच्या खुंटीला टांगला जायचा.

त्याची काच रोज राखेने घासून, फडक्याने पुसणं हे मुलींचं काम. मोठ्या माणसाचा हात काचेत जायचा नाही, म्हणून ते लहान पोरींकडे. काच फुटली तर मार ठरलेला. एवढं करून कंदील कुणासाठी? ओसरीवर वडील आणि आलेगेले बसत, त्यांच्यासाठी. आई स्वयंपाक करायची ती चुलीच्या जाळाच्या उजेडात. भाकरी भाजली की नाही हे ती वासावरून ओळखायची. आम्हांला ते तिचं कसब वाटायचं. तिला उजेड मिळत नव्हता म्हणून ते कसब आलं, हे फार उशिरा कळलं.

चाळीसचा गोळा

१९६० हे साल आपल्या दृष्टीने मोठं महत्त्वाचं. १ मे रोजी महाराष्ट्र राज्य झालं. २० जूनला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. आणि ज्या सहकारी संस्था अधिनियमाखाली आपली सोसायटी नोंदवली आहे, तोही १९६० चाच. लासलगावची बाजार समिती मात्र त्याच्याही आधीची, १९४७ ची.

आमच्या घरी वीज आली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. सागवानी पट्टी भिंतीला ठोकून तिच्यावर क्लिपांनी वायर बसवलेली, लाकडी गोल ठोकळ्यावर पितळी होल्डर आणि काळं गोल बटण. दिवे दोनच घेतले. एक ओसरीत. दुसरा मधल्या घराच्या आणि स्वयंपाकघराच्या मधल्या भिंतीला वीतभर भोक पाडून त्यात. एका गोळ्यात दोन खोल्या! त्या काळी असं पुष्कळ घरांत असायचं. पण गोळा बसवला होता मधल्या घराच्या बाजूला. चुलीपाशी यायचा तो उरलासुरला उजेड.

त्या चाळीस वॅटच्या गोळ्याचा उजेड साधारण ४०० लुमेन. लुमेन म्हणजे दिवा किती उजेड देतो त्याचं माप. वॅट म्हणजे तो किती वीज खातो त्याचं. या दोन मापांची गल्लत अजूनही होते. पुढे चार फुटी ट्यूब आली. तीही चाळीस वॅटचीच, पण उजेड २,००० लुमेनच्या वर. गोळ्यातली तार तापून उजळते, त्यामुळे बहुतेक वीज उष्णतेत जाते. ट्यूबमध्ये तसं होत नाही. तिचा चोक गुणगुणायचा, स्टार्टर बिघडला की ती रात्रभर उघडझाप करायची. तरीही ट्यूब लागली म्हणजे घराची पत वाढली, असं मानायचे. तीही अर्थात बैठकीच्या खोलीतच लागायची.

१९९९: आपली घरं

आपण राहायला आलो ते १९९९ साली. दोन विंग, तीन मजले, चोवीस घरं. सगळ्या घरांचे दिव्यांचे पॉइंट एकाच नकाशाप्रमाणे. हॉलमध्ये ट्यूब, पंखा, शोभेच्या दिव्यासाठी एक जादा पॉइंट. स्वयंपाकघरात एकच, दाराच्या वर.

दार ओट्याच्या बरोबर समोर. म्हणजे ओट्यापाशी उभं राहिलं की दिवा पाठीमागे आणि आपलीच सावली परातीत. मी बारा महिने त्या सावलीत भाज्या चिरल्या. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. त्या तांदूळ निवडायला सूप घेऊन गॅलरीत जायच्या आणि ऊन उतरलं की काम थांबवायच्या. "डोळे गेले माझे," म्हणायच्या. मीही तेच समजत होते.

एक दिवस ट्यूबचा चोक गेला. वायरमन आला, त्याने नवा बसवला. मी सहज म्हटलं, "दादा, ही ट्यूब तिकडे ओट्यावर नाही का घेता येणार?" तो म्हणाला, "काकू, घेता येते की. पट्टीतून वायर नेली की झालं. तासाभराचं काम." तासाभराचं! त्या संध्याकाळी सासूबाई ओट्याजवळ स्टुलावर बसून तांदूळ निवडत होत्या. डोळे अधू होतेच, पण निम्मा दोष दिव्याच्या जागेचा होता.

ही बातमी जिन्यातून वर-खाली गेली. वर्षभरात आमच्या विंगेतल्या आठ स्वयंपाकघरांतले दिवे हलले. इतिवृत्तात याची नोंद कुठेच नाही, म्हणून इथे करून ठेवते.

बटण बंद, करंट चालू

दुसरी गोष्ट २००१ ची. न्हाणीघरातला गोळा गेला. आमच्या ह्यांनी बटण बंद केलं, स्टुलावर चढले, होल्डरला हात लावला आणि झटक्यासरशी खाली आले. मनगट मोडलं. फरशी ओली होती, आणखी काही व्हायचं ते नशिबाने वाचलं.

दुसऱ्या दिवशी तोच वायरमन टेस्टर घेऊन आला. बटण बंद असताना त्याने होल्डरला टेस्टर लावला, तर टेस्टर पेटला. झालं होतं असं की घर बांधताना कुणीतरी बटण फेजच्या वायरीवर न घेता न्यूट्रलवर घेतलं होतं. अशा जोडणीत बटण बंद केलं की दिवा विझतो, पण होल्डरपर्यंत करंट तसाच उभा असतो. दिवा विझलाय म्हणून माणूस निर्धास्त हात लावतो. बटण नेहमी फेजवरच हवं.

त्या आठवड्यात आम्ही सर्व घरं तपासून घेतली. आणखी सात घरांत निदान एकेक बटण उलट निघालं. दुरुस्तीचा खर्च किरकोळ होता. ह्यांचं मनगट मात्र थंडीत अजून दुखतं.

जिना

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, ती सांगते.

जिन्यात सुरुवातीला प्रत्येक मजल्यावर एक गोळा होता. गोळे चोरीला जायचे. नवे कोण आणणार यावर बोलाचाली व्हायची. मग ते आणणंच बंद झालं. माझ्याच अक्षरातल्या वहीत तीन सभांमध्ये हा विषय आहे. पहिल्यांदा: "जिन्यातील दिवे. खर्चाचा अंदाज घ्यावा." दुसऱ्यांदा: "तळमजल्याच्या सभासदांनी हरकत घेतली. विषय पुढील सभेत." तिसऱ्यांदा फक्त: "विषय पुढील सभेत."

हरकत काय होती, तर आम्ही जिना वापरत नाही, आम्ही पैसे का द्यावेत? रागावण्यासारखी नव्हती ती गोष्ट. प्रत्येकजण हप्त्यांच्या ओझ्याखाली होता. कांद्याचे भाव पडले की बाजार समितीवर पोट असलेल्या आपल्या गावात सगळ्यांचाच हात आखडतो, हमालापासून दिवाणजीपर्यंत. आमचे हे खळ्यावर दिवाणजी. त्या तिसऱ्या सभेत तेही गप्प बसले आणि वही लिहिणारी मीही गप्प बसले.

२००३ च्या कार्तिक महिन्यात सासूबाई पहाटे काकडआरतीला निघाल्या. घरात लख्ख उजेड, दार उघडलं की बाहेर काळोख. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो, म्हाताऱ्या डोळ्यांना जास्तच. दुसऱ्या की तिसऱ्या पायरीवर पाय चुकला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, पण त्या पुन्हा स्वतःच्या पायांनी जिना उतरल्या नाहीत. दोन वर्षांनी गेल्या. पडल्याबद्दल त्यांनी कुणाला बोल लावला नाही. एकदाच म्हणाल्या, "अगं, एक पणती ठेवली असती तरी चाललं असतं."

मग सभा झाली. त्या वेळी मी पहिल्यांदा वही मिटून उभी राहिले आणि फळ्यावर गणित मांडलं, शाळेत मांडते तसं. दोन जिने, सहा दिवे, चाळीस वॅटचे, रोज सहा तास. हजार वॅट एक तास म्हणजे एक युनिट. सहा गुणिले चाळीस गुणिले सहा म्हणजे १,४४० वॅट-तास, दिवसाला दीड युनिटसुद्धा नाही. महिन्याला ४३ युनिट. चोवीस घरांत वाटले तर घरामागे दोन युनिटही येत नाहीत. ज्यावर तीन सभा गेल्या ती रक्कम एवढीच होती. सेवाशुल्क सगळ्या सदनिकांनी सारखं भरायचं असतं हे उपविधीतही आहे, पण उपविधी वाचून दाखवायची वेळच आली नाही. तळमजल्यावरचे नाना सगळ्यांत आधी उठले आणि म्हणाले, "बाई, गोळे मी आणतो."

गोळे चोरीला जाऊ नयेत म्हणून जाळीचं झाकण असलेले, भिंतीत पक्के बसणारे दिवे घेतले. प्रत्येक जिन्याला टू-वे बटणं बसवली, एक खाली, एक वर. खालून लावायचा, वर जाऊन बंद करायचा. नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत, जेव्हा तासन्‌तास वीज जायची आणि पोरं मेणबत्तीवर दहावीचा अभ्यास करायची, तेव्हा आपण प्रत्येक जिन्यात एक बॅटरीवरचा दिवाही लावला. वीज गेली की तो आपोआप लागायचा. गावात तेव्हा कितीतरी इमारतींचे जिने अंधारात होते. आपला नव्हता. फक्त आपल्याला उशीर झाला होता.

आताचे दिवे

निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीच्या शोधासाठी २०१४ साली अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या निळ्या प्रकाशावर पिवळसर लेप देऊन पांढरा उजेड तयार होतो. तोच आज आपल्या घराघरांत आहे. ५ जानेवारी २०१५ ला केंद्राची उजाला योजना सुरू झाली आणि महाग असलेला एलईडी गोळा साध्या घरांच्या आवाक्यात आला. नऊ वॅटचा गोळा आठशेच्या वर लुमेन देतो, म्हणजे माझ्या माहेरच्या त्या चाळीसच्या गोळ्याच्या दुप्पट. जिन्यांचं ४३ युनिटांचं गणित आता महिन्याला दहा युनिटांवर आलं आहे.

उजेड इतका स्वस्त झाल्यावर तो कुठे लावायचा हाच प्रश्न उरतो. नव्याने दिवे बसवणाऱ्या मुलांना आणि सुनांना माझ्या अनुभवातल्या चार गोष्टी सांगते.

दिवा निवडण्याआधी त्या जागी बसून बघा. ओट्यापाशी उभं राहा, अभ्यासाच्या टेबलाशी बसा. सावली कामावर पडत असेल तर कितीही भारी दिवा फुकट. ओट्यासाठी वरच्या कपाटाच्या खाली, पुढच्या कडेला लांब पट्टीचा दिवा उत्तम. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून हवा.

खोक्यावर ३००० के, ६५०० के असं लिहिलेलं असतं. आकडा लहान तितका उजेड पिवळसर, मोठा तितका निळसर पांढरा. झोपायच्या खोलीत पिवळसर बरा, ओट्यावर चार हजारांच्या आसपासचा. त्याच खोक्यावर सीआरआय हा आकडा शोधा. याचा अर्थ लासलगावकरांना चटकन कळेल. जुन्या पिवळ्याजर्द सोडियमच्या दिव्याखाली लाल कांदा आणि उन्हाळ कांदा सारखाच मातकट दिसतो. त्या दिव्याचा सीआरआय तिशीच्याही खाली. उन्हाचा शंभर. घरासाठी ऐंशीच्या खालचा घेऊ नका, ओट्यावर नव्वदचा मिळाला तर घ्या. भाजी शिळी की ताजी हे त्या उजेडात कळतं.

झुंबर जरूर लावा, पण फॉल सीलिंगच्या पत्र्याला किंवा जिप्समला नाही. त्याचा भार वरच्या स्लॅबमधल्या हुकाने घेतला पाहिजे. आणि चारी बाजूंनी बंद काचेच्या हंडीत एलईडी तापतो, लवकर जातो. हवा खेळती राहील अशी हंडी बघा.

शेवटची गोष्ट जिवाची. आपल्या वायरिंगला आता पंचवीस वर्षं झाली. १९९९ साली दिव्यांच्या बऱ्याच पॉइंटना अर्थिंगची तिसरी वायर ओढलेलीच नाही, कारण तेव्हा होल्डर बेकेलाइटचे होते. आज तिथे पितळी, लोखंडी दिवे लागत आहेत. धातूच्या दिव्याला अर्थिंग हवंच. घरात एमसीबी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. तो वायर जळण्यापासून वाचवतो. माणसाला वाचवण्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. करंट अंगातून जमिनीकडे वाहू लागला की तो क्षणार्धात वीज तोडतो. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या, आणि जाण्याआधी त्याच्याकडून प्रत्येक बटण फेजवर आहे की नाही ते टेस्टर लावून दाखवून घ्या. तो "काकू, विश्वास नाही का?" म्हणेल. म्हणू द्या.

कार्यकारिणीला माझी एकच विनंती आहे. येत्या सर्वसाधारण सभेत चोवीस घरांचं आणि दोन्ही जिन्यांचं वायरिंग, अर्थिंग तपासून घेण्याचा विषय घ्यावा, आणि त्याच सभेत तो संपवावा. "विषय पुढील सभेत" हे शब्द मी त्या वहीत पुष्कळदा लिहिले आहेत. ते पुन्हा वाचायची माझी इच्छा नाही.

दिवाळीत दोन्ही जिन्यांच्या पहिल्या पायरीवर आपण पणती ठेवतो. नवीन राहायला आलेल्यांना ती रीत कुठून आली ते माहीत नसेल. आता कळलं.